तहसीलदार हाजीर हो

सातवीच्या मुलांना मी वर्षानुवर्षं नागरिकशास्त्राचा एक धडा शिकवला. कायदे करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, न्याय देणारे वेगळे. तिघांनी एकमेकांवर नजर ठेवायची, म्हणजे कोणी माजत नाही. फळ्यावर तीन गोल काढायचे आणि मुलांकडून घोकून घ्यायचं. शिकवताना माझा चेहरा कसा होत असे कोण जाणे, पण त्या तासाला वर्गात कोणी चुळबूळ करत नसे. मुलं मला घाबरायची. घाबरू देत, असं मला वाटायचं. पुढं तालुक्याच्या कचेरीत गेल्यावर त्यांना तीन गोलांच्या जागी एकच गोल दिसणार होता, तोही पोट सुटलेला.

तो गोल मी पाहिला आहे. आमचा तालुका कोणता ते मात्र सांगत नाही. ती कचेरी अजून आहे आणि आज तिथं बसणाऱ्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. जालना तेव्हा जिल्हा व्हायचा होता. आताच्या जिल्ह्यातली काही गावं औरंगाबादेत मोडायची, काही परभणीत. मी जालन्याला मास्तरकीचं शिकत होते आणि सुट्टीत घरी आले होते. दुष्काळ सरला होता. त्या साली पीक चांगलं होतं, म्हणूनच सगळं झालं. पीक नसतं तर आमच्याकडे कोणी बघितलंही नसतं.

आम्ही छप्पन्न सालानंतरचे बौद्ध. जमीन ही वस्तू आमच्या घरात कधी नव्हती. गावाच्या उत्तरेला गायरान होतं, म्हणजे गावच्या ढोरांना चरायला सोडलेली सरकारी जमीन. त्यातला एक तुकडा इतका दगडाळ की ढोरंही तिकडं फिरकत नसत. बाबांनी आणि मायनं दोन उन्हाळे तिथले दगड वेचले, बांधाला लावले आणि ज्वारी पेरली. पहिल्या साली हातभर वाढून वाळली, तेव्हा गाव हसलं. दुसऱ्या साली ती डोक्याच्या वर गेली आणि गावाला एकदम आठवलं की ही जमीन आपल्या ढोरांची आहे. पोलीस पाटलाला सगळ्यांच्या आधी आठवलं, कारण सगळ्यांत जास्त ढोरं त्याची.

पाटलाच्या तक्रारीवरून तहसीलदार पाहणीला आले. पुण्याकडचे, गोरे, हसतमुख, बोलायला फार गोड. कॉलेजात असताना नाटकात कामं करायचे म्हणे, आणि तालुक्यात कोणी नाटक बसवलं की तालमीला जाऊन बसायचे. चावडीपुढं उभं राहून ते म्हणाले, "अतिक्रमण आहे, निघालंच पाहिजे. पण कणसं भरलीत. सुगी होऊ दे, मग जागा सोड." सगळ्या गावानं ऐकलं. बाबांनी हात जोडले. मग साहेब पाटलाच्या घरी जेवले. जेवण उत्तम झालं असणार, कारण आठवडा उलटायच्या आत हुकूम आला की जागा ताबडतोब मोकळी करा. आणि हुकुमाच्या पाठोपाठ पोलिसांनी बाबांवर चॅप्टर केस लावली.

चॅप्टर केस म्हणजे काय, ते सांगते. माणसानं काहीही केलेलं नसतं. तो पुढं काहीतरी करील, गावाची शांतता मोडील, अशी पोलिसांना धास्ती असते. मग त्याला मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं आणि चांगलं वागण्याचा जामीन मागायचा. जामीन मिळाला नाही की आत. हे मॅजिस्ट्रेट कोण, तर तहसीलदारच. म्हणजे हुकूम काढणारा तोच, त्या हुकुमावर आपण चिडू अशी भीती बाळगणारा तोच, आणि आपण चिडलो की नाही ते ठरवणारा तोच. त्याच सुमारास नवा फौजदारी कायदा आला आणि न्यायखातं आता सरकारी अंमलदारांपासून वेगळं झालं असं पेपरात छापून आलं. चोऱ्या-माऱ्यांचे खटले न्यायाधीशांकडे गेलेही. ही शांततेची केस तेवढी तहसीलदाराच्या मेजावर राहिली, आणि गरिबाला घरून उचलायला तेवढी पुरते.

आता बाबांबद्दल. तरुणपणी काही वर्षं ते गावचे कोतवाल होते. कचेरीतून कागद आणायचे, दवंडी द्यायची, साहेबाच्या दाराबाहेर उभं राहायचं. त्या उभं राहण्यातून ते एक गोष्ट शिकले होते आणि ती त्यांना जन्मभर पुरली. कचेरीत एकच खोली, एकच मेज, एकच खुर्ची. एरवी साहेब तिथं सारा, जमिनी, रेशन असलं काम बघायचे. पण ज्या दिवशी केसी चालायच्या त्या दिवशी चपराशी मेज पुसायचा, त्यावर हिरवं बनातीचं कापड टाकायचा आणि बाहेर येऊन पक्षकारांची नावं तीनदा पुकारायचा. कापड पडलं की साहेबाला तहसीलदार म्हणायचं नाही. कापड निघेपर्यंत ते मॅजिस्ट्रेट.

लोक हे ऐकून सोडून देत. बाबांनी मनावर घेतलं. कारण त्यांच्या वेळचे तहसीलदार, निजामाच्या काळापासून नोकरीत असलेले एक म्हातारे गृहस्थ, यांनी एकदा सकाळी स्वतःच्या हुकुमानं एका लमाण्याला धरून आणवलं आणि दुपारी कापडापाशी बसून, याला धरणं चुकीचं होतं असं म्हणून स्वतःच सोडून दिलं. बाबांनी दारातून हे डोळ्यांनी बघितलं होतं. मला विचाराल तर त्या म्हाताऱ्या भल्या माणसानं माझ्या बापाचं जेवढं नुकसान केलं तेवढं पाटलानंही केलं नाही. दहा नालायक साहेब बघितले असते तर बाबा शहाणे झाले असते. एक चांगला बघितला आणि आयुष्यभराचे वेडे झाले.

केसीच्या आदल्या दिवशी बाबांनी मला कागद घेऊन बसवलं.

"लिही. मेहेरबान मॅजिस्ट्रेट साहेब यांचे सेवेशी. अर्ज करतो की इथल्या तहसीलदारांनी आम्हाला सुगीपर्यंत मुदत दिल्ती. ती मोडली. तरी मेहेरबानांनी तहसीलदारांना समोर बोलवून इचारावं."

मी लेखणी खाली ठेवली. "बाबा, दोघं एकच आहेत."

"माणूस एक हाय. काम येगळं."

"त्याच्याविरुद्धचा अर्ज त्याच्याच हातात द्यायचा?"

"त्याच्या हातात कुठं? कापड टाकल्यावर द्यायचा." मग त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं. कोणाचा फोटो ते सांगायला नको, आमच्या घरांत दुसरा नसतो. "घटनेत लिवलंय ना? न्याय करनारा येगळा ऱ्हायला पाह्यजे म्हणून? का तुला शाळंत बराबर शिकवून नाई राह्यले?"

घटनेत तसं लिहिलं होतं, हे खरं होतं. सरकार तसं करायला झटेल, इतकंच लिहिलं होतं, हेही खरं होतं. झटण्याला मुदत नव्हती. हे मी बोलले आणि बाबांनी न ऐकल्यासारखं केलं. चुलीपाशी माय भाकरी थापत होती. ती म्हणाली, "लिहून दे बाई. त्येला एकदा कचेरीत त्वांड दाखवू दे, म्हंजे खूळ जल्दी उतरंल." मी अर्ज लिहिला आणि अक्षर चांगलं काढलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या ओसरीत गर्दी होती. पाटील त्याच्या दोन माणसांसह आधीच येऊन बसला होता आणि वकील मंडळी पान खात उभी होती. चपराश्यानं मेज पुसलं, हिरवं कापड टाकलं. कापडावर चहाच्या कपाचे गोल गोल डाग होते. बाबांनी माझ्याकडं बघून मान हलवली, बघ म्हणून.

नाव पुकारल्यावर बाबा आत गेले. मी दारात उभी राहिले. बाप जिथं उभा राहायचा, तिथंच. पेशकार, म्हणजे साहेबाच्या डाव्या हाताचा कारकून, केस वाचू लागला. बाबांनी मध्येच अर्ज पुढं केला. साहेबांनी तो वाचला. परत एकदा वाचला. मग त्यांचा चेहरा उजळला. लहान मुलाला जत्रेत पाळणा दिसावा, तसा.

"अहो, ऐका, ऐका," ते वकिलांना म्हणाले आणि अर्ज मोठ्यानं वाचून दाखवला. माझी वाक्यं त्यांच्या तोंडात फार शुद्ध वाटत होती. मग बाबांना म्हणाले, "तुमची तक्रार तहसीलदारावर आहे, आणि तुम्ही मॅजिस्ट्रेटकडे आलात. असंच ना?"

"व्हय, रावसाहेब."

"अगदी योग्य ठिकाणी आलात." चावडीवर हेच साहेब बाबांना अरे-तुरे करत होते. इथं तुम्ही म्हणाले. बाबांच्या ते लक्षात आलं आणि ते जरा ताठ उभे राहिले. साहेब चपराश्याकडं वळले. "काय बघतोस? पुकार तहसीलदाराला."

चपराशी गोंधळला. साहेब हसत नव्हते, म्हणून तो ओसरीत आला आणि माझ्या कानापाशी ओरडला, "तहसीलदार साहेब हाजीर हो!" तीनदा. आवारातले लोक कामं सोडून दाराशी गोळा झाले. तिसऱ्या पुकाऱ्याला साहेब खुर्चीवरून उठले, मेजाला वळसा घालून आले आणि बाबांच्या शेजारी, आरोपीच्या जागी, हात जोडून उभे राहिले. खोलीत हशा फुटला. साहेबांनी मागं वळून सगळ्यांना डोळ्यांनी दटावलं, नाटकातल्यासारखं, आणि रिकाम्या खुर्चीकडं तोंड करून म्हणाले, "हुजूर, मी तहसीलदार. हजर आहे."

पेशकार लिहायचं थांबला होता. साहेब म्हणाले, "हुजूर, हा इसम म्हणतो मी मुदत दिली. मी गरीब सरकारी नोकर. मी कशाला मुदत देऊ? मी तर याला ओळखतही नाही." मग बाबांकडं वळून, "आता तुम्ही विचारा. उलटतपासणीचा तुम्हाला हक्क आहे."

एखाद्या शहाण्या माणसानं तिथं मान खाली घातली असती. माझ्या बापानं प्रश्न विचारला. घसा खाकरून, खुर्चीकडं बघत, एकेक शब्द सुटा करत.

"रावसाहेब, तुम्ही आमच्या चावडीम्होरं उभं राहून म्हणले का न्हाई, कणसं भरली, सुगी होऊ दे? गाव होतं तिथं. पाटील बी होता. तो बघा, तिथं बसलाय. त्येला बी इचारा."

पाटील छताकडं बघू लागला. हसणं जरा कमी झालं. साहेब एवढा वेळ रंगात होते, ते आता रिकाम्या खुर्चीकडं बघत राहिले. त्यांना संवाद आठवत नव्हता. मग म्हणाले, "आठवत नाही, हुजूर." वकिलांपैकी कोणीतरी "वन्स मोअर" म्हणालं आणि परत सगळे हसले. कोपऱ्यात एक मारवाडी कापडवाला त्याच्या दुकानाच्या कामासाठी बसला होता. आमचं लुगडं-धोतर कायम त्याच्याकडचं. बाबांना तो चांगला ओळखायचा. तो डोळे पुसत हसत होता.

साहेब परत मेजामागं गेले, बसले, कापडाची घडी नीट केली. "मॅजिस्ट्रेटनी दोन्ही बाजू ऐकल्या," ते म्हणाले. "तहसीलदाराविरुद्ध पुरावा नाही. अर्ज फेटाळला." त्यानंतरचं सगळं त्यांनी अगदी सपाट आवाजात केलं. इसम भांडखोर आहे हे त्याच्या वागण्यावरूनच दिसतं, त्याला मोकळा ठेवला तर शांतता धोक्यात आहे, तरी जमीनदार जामीन द्यावा. आमच्या गावात जमीन असलेली सगळी माणसं पाटलाच्या नात्यातली नाही तर पाटलाच्या धाकातली. साहेबांनी सगळीकडं नजर फिरवली. "कोणी राहतंय जामीन?" त्यांनी विचारलं. कापडवाला आपला कागद वाचू लागला. एका पोलिसानं बाबांचा दंड धरला.

मी एका वकिलाला गाठून विचारलं की यावर वर कुठं जाता येतं का. तो म्हणाला, "जाता येतं की, औरंगाबादला. वकील लावा, नकला काढा." औरंगाबादेहून हुकूम येईपर्यंत आमच्या ज्वारीचं शेण होऊन त्याच्या गोवऱ्याही वाळल्या असत्या. बाहेर आले तेव्हा पाटलाची मोटारसायकल जागेवर नव्हती. तो निकालाच्या आधीच निघून गेला होता. निकालाची त्याला काळजी नसावी.

एसटीनं गावी पोचले तर उन्हं अजून होती. वस्तीवर न जाता मी सरळ गायरानात गेले. ढोरं आत होती. पाटलाची होती आणि गावातल्या इतरांचीही होती. एकदा दार उघडल्यावर कोण मागं राहतं. भरली कणसं चावताना जो ओला आवाज होतो तो शंभर पावलांवरून ऐकू येत होता. माय बांधावर, तिनं स्वतः वेचलेल्या दगडांवर बसली होती. तिची काठी पाटलाच्या गड्यांनी हिसकावून मोडून टाकली होती. तिनं विचारलं, "तुझा बाप कुठंय?"

"आत टाकलं."

"बरं झालं," माय म्हणाली. "इथं असता तर ढोरांना कायदा सांगत बसला असता."

ती हसली, आणि हसता हसता तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मी तिच्याजवळ बसले. आम्ही दोघी अंधार पडेपर्यंत बघत होतो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

बाबांना सोडलं तेव्हा शेतात चघळलेली धाटं उरली होती. शांतता मोडायला आता कारण उरलं नव्हतं, म्हणून सोडलं. मला वाटलं होतं, मोडून आले असतील. वस्तीतले लोक जमले तर बाबा खाटेवर बसून सांगू लागले. "कापड टाकल्तं. मॅजिस्ट्रेटनं तहसीलदाराला पुकारलं. बिलकुल माझ्या बाजूला आणून उभा केला. हात जोडून. मी इचारलं, तव्हा त्येला जबाब देता आला न्हाई." लोक माना हलवत होते आणि एकमेकांकडं बघत नव्हते. मला त्यांचा संताप आला आणि त्याहून जास्त बाबांचा. पीक गेलं, आत बसून आले, मायच्या मनगटावर वळ अजून हिरवे होते, आणि हा माणूस आपण केस जिंकल्यासारखा बोलत होता.

ही गोष्ट गावात पोचायला वेळ लागला नाही. शाळेमागं पोरांनी खेळ काढला. एकजण दगडावर बसायचा, पुढं कोणाचा तरी सदरा पसरायचा, आणि दुसरा ओरडायचा, तहसीलदार हाजीर हो. मग दगडावरचाच उठून पुढं यायचा आणि सगळे लोळून हसायचे. एकदा बाबा तिथून जात होते. ते थांबले. मला वाटलं, पोरांना रागावतील. ते म्हणाले, "एकदा न्हाई. तीनदा पुकारत असत्यात." पोरांनी त्यांच्यासमोर तीनदा पुकारलं. मी रस्त्याच्या पलीकडून बघत होते, आणि माझा बाप मरावा असं मला त्या क्षणी वाटलं. हे लिहायला मला आज जड जात नाही. तसं वाटलं होतं.

पुढं मला हसनाबादच्या बाजूला शाळा मिळाली. बाबा अधूनमधून यायचे, ओसरीवर बसून शेंगा फोडायचे. असेच एकदा बसले असताना म्हणाले, "आपल्या तालुक्याला नवा साहेब आल्ता मागल्या महिन्यात. बरा हाय म्हणत्यात. एक कागद आण. जुन्या साहेबावर अर्ज करायचाय."

पीक जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. त्या तुकड्यात पाटलाच्या पोरानं विहीर खणली होती. त्याचं अतिक्रमण कोणाला दिसलं नव्हतं. मी दिवसभर पोरांना तीन गोल शिकवून आले होते आणि माझं डोकं फिरलं. जे मी मनात किती वेळा घोळवलं होतं ते सगळं बोलले. "बाबा, ते नाटक होतं. तो तुमच्या शेजारी उभा राहिला ते तुमची टर उडवायला. अख्खी कचेरी हसत होती. तो कापडवाला हसत होता. चपराशी हसत होता. अजून गावातली पोरं हसतात. तुम्हाला एकट्याला कळलं नाही."

बाबा शेंग फोडत राहिले. दाणे एकीकडं, टरफलं एकीकडं.

"मी काय भैरा हाय का?" ते म्हणाले. "ऐकू येत होतं हसनं. पैल्यापासून."

"मग?"

"मंग काय?" त्यांनी पहिल्यांदाच वर बघितलं. चिडलेले नव्हते. मला वाटतं, माझीच त्यांना थोडी कीव आली असावी. "जिमिनीचा साहेब तो, पोलीस त्येचे, जज बी तोच. तू शिकली ना एवढी? मंग सांग की. त्या मेजाशिवाय दुसरं कोनतं मेज हाय आपल्या तालुक्यात? सांग. तिथं जातो."

आता पेपरात वाचते, संसद मोठी की न्यायालय मोठं, कोणी कोणाच्या हद्दीत पाऊल टाकलं, काय सुधारायला हवं. विद्वान लोक भांडतात आणि भांडायलाच हवं. त्यांनी एकदा तालुक्याला यावं आणि आधी त्या एका खुर्चीतली दोन माणसं वेगळी करून दाखवावीत, इतकंच मला म्हणायचं असतं. शांततेच्या केसी अजून तिथंच चालतात. कापड टाकतात की नाही, ठाऊक नाही.

त्या दिवशी मी घरात गेले आणि वहीतला एक कोरा कागद फाडून आणला. खाली बसले, लेखणी उघडली. बाबांनी हात झटकले, मांडीवरची टरफलं खाली पाडली आणि घसा खाकरला.

"लिही," ते म्हणाले. "मेहेरबान मॅजिस्ट्रेट साहेब यांचे सेवेशी."